उचलणं सोपं, उभं ठेवणं अवघड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चेन साफ करण्यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ टाकली की मागचं चाक अधांतरी असेल तर काम निम्म्या वेळात होतं. झालं, या महिन्यात आलेले जवळजवळ सगळे प्रश्न स्टँडचेच. कुणाला पाइपचा करायचाय, कुणाला लाकडाचा, कुणाला गाडी जागच्या जागी गोल फिरवायचीय. तर यावेळी बाकीचं बाजूला ठेवून हेच घेतो.

प्रश्न : काका, माझ्या गाडीला डबल स्टँड नाही, फक्त साइड स्टँड आहे. विकतचे पॅडॉक स्टँड (मागचं चाक हवेत उचलून धरणारे) बघितले, त्यात काही विशेष दिसत नाही, पाइप वाकवून चार ठिकाणी वेल्डिंग केलंय बस. माझ्याकडे वेल्डिंग मशीन आहे, हातही बरा बसलाय. तुम्ही फक्त मापं द्या, रविवारी करायला घेतो.

मापं देणार नाही, रागावू नका. गाडी कुठली, टायर केवढा, चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, बॉबिन (स्टँड अडकवायचे गोल खुंट) लावलेत का, यातलं तुम्ही काहीच कळवलं नाहीये, आणि कळवलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं की माप तुमच्या गाडीवरून तुम्हीच घ्या. या स्टँडमध्ये एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडला की उभी गाडी आडवी होते.

दिसायला साधा आहे हे खरं, पण ती तरफ आहे. स्टँडच्या चाकांचा आस म्हणजे टेकू, त्याच्या वरच्या बाजूला दोन कप ज्यात बॉबिन बसतात, आणि मागे लांब हँडल. हँडल वर असतं तेव्हा कप आसाच्या थोडे पुढे असतात, पुढे म्हणजे गाडीच्या तोंडाकडे. हँडल खाली दाबत गेलात की कप वर येतात, मग एका क्षणी बरोबर आसाच्या डोक्यावर येतात, आणि तिथून अजून थोडे मागे जाऊन हँडल जमिनीला टेकतं. ते जे 'अजून थोडे मागे' आहे ना, त्यातच सगळी गंमत आहे. कप आसाच्या २ ते ४ सेंटिमीटर मागे येऊन थांबले की गाडीचं वजनच हँडलला जमिनीवर दाबून धरतं, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःला लॉक करते. कप बरोबर डोक्यावर थांबले तर नुसता धक्का लागायचा अवकाश, आणि त्याच्याही आधी थांबले तर हँडल तुमच्या हनुवटीवर येणार. उलट फार मागे नेले तर गाडी उतरवताना दोन माणसं लागतात, एकट्याला हँडल उचलवत नाही.

हे कागदावर आकडेमोड करून समजत नाही, मलाही समजलं नव्हतं. जाड पुठ्ठा घ्या, स्टँडचा बाजूने दिसतो तसा आकार खऱ्या मापात कापा, चाकाच्या आसाच्या जागी टाचणी लावून भिंतीवर ठोका, भिंतीवर जमिनीची रेघ आणि बॉबिनच्या उंचीची रेघ ओढा आणि पुठ्ठा फिरवून बघा कप कुठून कुठे जातो. हँडल वर असताना कप बॉबिनच्या खाली सेंटिमीटरभर तरी हवा म्हणजे तो आत सरकवता येतो, आणि हँडल टेकल्यावर बॉबिनच्या मूळ जागेपेक्षा ३-४ सेंटिमीटर वर. त्याहून जास्त उचलायची हौस नको, चिमट्याखालून उचलताना शॉकअबसॉर्बर फारसा लोंबत नाही, त्यामुळे चाक लगेच सुटतं. तीन पुठ्ठे फुकट गेले तरी चालतील.

उंची मोजताना गाडी कुणाला तरी सरळ धरायला सांगा, साइड स्टँडवर कललेली असताना घेतलेलं माप दोन्ही बाजूंना वेगळं येतं. बॉबिनच्या बाहेरून बाहेरचं अंतर घ्या, आणि उजवीकडे सायलेन्सर मध्ये येतोय का तेही आत्ताच बघा, स्टँड तयार झाल्यावर नाही.

जोर किती लागेल तर तोही हिशोब सोपा आहे. पेट्रोलसकट १८० किलोची गाडी धरा, त्यातलं साधारण निम्मं मागे, पण बॉबिन मागच्या आसाच्या जरा पुढे असल्यामुळे थोडं जास्त, म्हणजे ९५ किलो म्हणू. सुरुवातीला कप स्टँडच्या आसाच्या ८ सेंटिमीटर पुढे आणि हँडल ५५ सेंटिमीटर मागे असेल तर ९५ गुणिले ८ भागिले ५५, साधारण १४ किलोचा दाब. आणि कप जसजसे डोक्यावर येतात तसतसा जोर कमीच होत जातो. म्हणून उचलायची चिंता करू नका, कुणालाही उचलता येतं.

पाइपचं म्हणाल तर एवढ्या वजनाच्या गाडीला ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो, बेंडिंग मशीन नसेल तर कोपरे ४५ अंशात कापून जोडा. कपाला ५-६ मिमीची पट्टी. चाकं नायलॉनची नाहीतर पीयूची (पॉलियुरेथेनची), भरीव, हवेची अजिबात नको. चाकांना १२ मिमीचे बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ लिहिलेले, आणि नायलॉक नट. दोन चाकांमधलं अंतर जेवढं जास्त ठेवता येईल तेवढं ठेवा कारण गाडी पुढे-मागे कमी पडते, बाजूलाच जास्त पडते. वेल्डिंग आधी सगळीकडे नुसते टाके मारा, मग गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा, आणि मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा, एकाच बाजूने भरत गेलात तर पाइप ओढला जातो आणि एक कप वर एक खाली अशी अवस्था होते. २.५ मिमीचा रॉड, ७०-८० अँपिअर, यापेक्षा वाढवलंत तर २ मिमी पाइपला भोक पडेल.

आता माझी एक फजिती सांगतो. माझा पहिला स्टँड मीच केला होता, कप जवळजवळ आसाच्या डोक्यावरच थांबत होते, दिसायला मात्र झकास. गाडी चढवली, चाक काढायचं म्हणून आसाच्या नटाला लांब पाना लावला आणि जोर काढला. नट सुटला नाही, गाडी पुढे सरकली, कप डोक्यावरून पलीकडे गेले आणि स्टँडने गाडी टाकून दिली. गिअरमध्ये होती हो! तेव्हा डोक्यात आलंच नाही की गिअर मागच्या चाकाला पकडतो आणि मागचं चाक तर हवेत आहे. तेव्हापासून आधी पुढच्या ब्रेकचा लिव्हर गाडीच्या हँडलला पट्ट्याने आवळून बांधतो, मगच गाडी वर. आणि जे घट्ट नट आहेत ते गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवतो.

एकट्याने चढवायची असेल तर साइड स्टँडखाली २-३ सेंटिमीटरची फळी सरकवा, गाडी आपोआप बरीच सरळ उभी राहते आणि तुम्हाला ती सरळ करायला थोडीशीच ओढायला लागते. पहिल्या दहा-बारा वेळेला मात्र दुसरा माणूस हवाच, तो काही करत नसला तरी.

प्रश्न : चिमट्याला बॉबिनसाठी आटे नाहीयेत. तिथे नट वेल्ड करून घेतला तर चालेल का?

नाही. चिमट्यावर वेल्डिंग कधीच नाही, ॲल्युमिनियमचा असो की लोखंडाचा. उष्णतेने तिथली धातूची ताकद बदलते आणि चिमटा म्हणजे मागचं चाक ज्यावर लटकलंय तो भाग. कपाऐवजी एल आकाराची पट्टी लावा, वर जाड रबर, ती सरळ चिमट्याच्या पोटाखाली बसते. बॉबिनइतकी पक्की नाही, सरकते, म्हणून पट्टीला बाहेरच्या बाजूने उभी कड ठेवा. ज्यांच्या गाडीला आटे आहेत त्यांनी बॉबिन घेण्याआधी आटे मोजा, ६, ८ आणि १० मिमी असे वेगवेगळे येतात आणि चुकीचा घुसवला की गेले आटे.

प्रश्न : मी हॉस्टेलवर राहते, वेल्डिंग वगैरे शक्य नाही, पण करवत आणि ड्रिल आहे. लाकडाचा ठोकळा करून इंजिनखाली ठेवला तर १२५ सीसीची गाडी राहील का? सगळे हसतात.

हसू द्या. लाकूड दाबाखाली फार दणकट असतं, १८ मिमी प्लायच्या नीट बनवलेल्या खोक्यावर तुमची गाडी काय, तिच्यावर बसलेले हसणारेही मावतील. लाकडी स्टँड वजनाने चिरडत नाही, तो तिरका होऊन कोसळतो. चार पाय आणि वर फळी अशी टेबलासारखी रचना केलीत तर एका बाजूने धक्का लागताच चारही पाय एकदम कलतात. म्हणून पाय करायचेच नाहीत, चारही बाजूंना सलग प्लाय लावून बंद खोकं करा, वरून अरुंद खालून रुंद, म्हणजे वर २५ सेंटिमीटर असेल तर खाली ४० तरी. आतून कोपऱ्यात लाकडाच्या पट्ट्या, सगळीकडे आधी ग्लू आणि मग स्क्रू. नुसते खिळे नकोत, ते हळूहळू वर येतात.

दोन गोष्टी मात्र इथे पॅडॉक स्टँडपेक्षा वेगळ्या आहेत. एक म्हणजे गाडी चासीखालून उचलली की शॉकअबसॉर्बर पूर्ण लांब होतात आणि चाक खाली खाली येत राहतं, त्यामुळे चाक सुटायला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त उचलावं लागतं. उंची ठरवण्याआधी एकदा जॅकवर घेऊन बघा चाक नक्की कधी सुटतं, मग तेवढं खोकं. दुसरं, टेकवायचं कुठे. इंजिनखालून चासीचे पाइप जात असतील तर त्या पाइपांवर टेकवा. खूप गाड्यांना खाली पाइपच नसतात, इंजिन हाच चासीचा भाग असतो, तिथे ऑइलचा नट, फिल्टरचं झाकण, सायलेन्सरचा बेंड हे सगळं चुकवून जाड सपाट जागा मिळते का बघायचं, नाही मिळाली तर हा प्रकार सोडून द्यायचा. आणि १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना डबल स्टँड असतोच, तुमच्या गाडीला असेल तर मागच्या चाकाच्या कामाला या खोक्याची गरजच नाही, ते पुढचं चाक काढायला वापरा.

चढवताना गाडी उचलून खोक्यावर ठेवायचा पराक्रम करू नका, कंबर जाईल. जॅकने वर घ्या, खोकं सरकवा, जॅक उतरवा. वर रबराचा तुकडा चिकटवा, लाकूड आणि ऑइल एकत्र आले की साबण होतो.

प्रश्न : पार्किंगची जागा इतकी चिंचोळी आहे की गाडी वळवता येत नाही, रोज मागे-पुढे मागे-पुढे. चाकं लावलेली डॉली (गाडी वर ठेवून फिरवायचा प्लॅटफॉर्म) करून घेतोय, फॅब्रिकेटरला दिलीये. कॅस्टर त्याने ५० किलोवाले सुचवलेत, गाडी १९० किलोची आहे, चार चाकं म्हणजे २०० झाले. बरोबर ना?

थांबवा त्याला. हिशोब चाराने नाही, तिनाने करायचा. फरशी कुठेच अगदी सपाट नसते, एखादं चाक अधांतरी किंवा अर्धवट टेकलेलं राहतंच आणि वजन उरलेल्या तिघांवर येतं. गाडी १९०, डॉलीचं स्वतःचं धरा ३०, झाले २२०, भागिले ३, म्हणजे ७३ किलो एका चाकावर. त्यात फरशीच्या फटीत आपटून धक्का बसतो तो वेगळाच. १०० किलोच्या खालचं घेऊ नका. अख्ख्या डॉलीत पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कॅस्टरमध्ये नको.

चाकाचा व्यास ७५ ते १०० मिमी. ५० मिमीची छोटी चाकं गुळगुळीत दिसतात पण फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकतात, आणि अडकलेली डॉली ढकलताना आपण डॉलीला नाही, वर गाडीलाच ढकलत असतो. काळ्या रबराची चाकं महिनोन्‌महिने एकाच जागी वजन घेऊन चपटी होतात, पीयू त्यामानाने बरं. चारही चाकं सगळीकडे फिरणारी हवीत नाहीतर जागच्या जागी गोल फिरणार नाही. आणि ब्रेकवाले कॅस्टर दोन प्रकारचे असतात हे फॅब्रिकेटरला विचारा, काहींचा ब्रेक फक्त चाक थांबवतो पण चाकाची मान फिरतच राहते, काहींचा दोन्ही पकडतो. दुसरा प्रकार घ्या, चारही तसे मिळाले तर उत्तमच. फक्त मान फिरत राहिली तर ब्रेक लावूनही डॉली इंच-दीड इंच डोलते आणि गाडी चढवताना तेवढं पुरतं.

चढवतानाच लोक पडतात. गाडीचं पुढचं चाक डॉलीच्या तोंडाला लागतं, आपण जोर लावतो आणि डॉली पुढे पळते. म्हणून प्लॅटफॉर्म जितका खाली ठेवता येईल तितका खाली, जमिनीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. त्यासाठी कॅस्टर प्लॅटफॉर्मच्या खाली लावायचे नाहीत, बाजूला बाहेर काढलेल्या हातांवर वर उचलून लावायचे, म्हणजे प्लॅटफॉर्म चाकांच्या मध्ये लोंबता राहतो. याने उंचीही वाचते आणि चाकं लांब गेल्यामुळे पायाही रुंद होतो. साइड स्टँडवर ठेवणार असाल तर गाडी डावीकडे कललेली असणार, वजनही तिकडे, मग डावीकडचे हात उजवीपेक्षा लांब हवेत आणि साइड स्टँडच्या पायाखाली जाड प्लेट. डबल स्टँडवर ठेवणार असाल तर गाडीच्या पुढच्या चाकाच्या लगेच पुढे एक पट्टी आडवी वेल्ड करून घ्या, नाहीतर गाडी फिरवताना पुढे ढकलली गेली की स्टँड मिटतो.

उतार असेल तर डॉली करूच नका. थोडासाच आहे वगैरे नाही, पाण्याचा पेला आडवा करून बघा, पाणी एका बाजूला धावलं तर नकोच.

प्रश्न : पुढच्या फोर्कचे ऑइल सील बदलायचे आहेत. फोर्कच्या खालच्या टोकाला पकडणारा पुढचा स्टँड बनवलाय, त्यावर होईल ना?

ज्या फोर्कवर गाडी उभी आहे तेच फोर्क काढणार? झाडाच्या फांदीवर बसून तीच फांदी तोडण्यातला प्रकार झाला. तुमचा स्टँड पुढचं चाक, ब्रेक पॅड, बेअरिंग यासाठी चांगला आहे. फोर्क काढायचे तर गाडी 'टी'च्या (फोर्कचे दोन्ही पाइप वर जिथे पकडलेले असतात तो भाग) खालच्या भोकातून उचलायला हवी, चासी तिथे धरली जाते. त्या भोकाचा व्यास गाडीगणिक वेगळा, व्हर्नियरने मोजून त्या मापाची पिन टर्नरकडून करून घ्या, ढिली पिन नको. आणि नेहमी आधी मागचा स्टँड, मग पुढचा. उतरवताना उलटं.

प्रश्न : घरी पाण्याचे जुने जीआय पाइप पडलेत, त्याचाच स्टँड केला. वेल्डिंग केल्यावर रात्री थंडी वाजून ताप आला, सकाळी बरं वाटलं. संबंध असेल का?

असणारच. जीआयवर जस्ताचा थर असतो, तो जळला की पांढरा धूर येतो आणि तो ओढला गेला की काही तासांनी अगदी असाच ताप येतो. बहुतेकांना दिवस-दोन दिवसांत बरं वाटतं, पण श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा आणि काय वेल्ड केलं ते सांगा. यापुढे जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरने पूर्ण काढा आणि उघड्यावर करा, किंवा सरळ काळा पाइप आणा. तयार झालेल्या स्टँडचे जोड पण बघा, जस्तावर वेल्डिंग फसफसतं, आत बुडबुडे राहतात. मी असतो तर ते जोड कापून परत केले असते.

तपासायचंच म्हणून सगळ्यांनाच सांगतो, नवीन स्टँडवर पहिल्यांदा गाडी नको. दोन धडधाकट माणसं कपांच्या जागी आडवा पाइप टाकून त्यावर उभी करा, हलायला सांगा. आणि रंग फिका द्या, पिवळा किंवा पांढरा, काळ्या रंगात जोडाच्या कडेची बारीक चीर दिसत नाही, फिक्या रंगावर तिथून गंजाची रेघ उतरते ती लगेच दिसते.

प्रश्न : बाटली जॅक लावून वर-खाली होणारं टेबल बनवलं, मस्त चालतंय. रात्री गाडी वर ठेवून गेलो, सकाळी टेबल चार बोटं खाली. जॅक खराब?

खराब असेलच असं नाही, सीलमधून तेल थोडं थोडं परत जातं, चांगल्या जॅकमध्येही रात्रभरात होऊ शकतं. जॅक वर न्यायला आहे, धरून ठेवायला नाही. टेबलाच्या पायांना भोकं पाडा, आरपार जाणारी १६ मिमीची पिन टाका, आणि टेबल त्या पिनेवर बसेपर्यंत जॅक सैल सोडा. मगच खाली हात घालायचा. तोपर्यंत टेबलाखाली वाकू नका, पडलेला १० चा पाना काढायला सुद्धा नाही.